जूराचे दोन दोरे

"घरात कुणाचं तरी अन्न तुटलंय, लक्ष द्या," असं दवाखान्यातली म्हातारी नर्स म्हणाली, तेव्हा जामिराने ते कानाआड केलं. एमिरचं वजन दोन महिने वाढलं नव्हतं. तिचा सगळा जीव त्या वजनकाट्यावर होता. सासू शेजारीच बसली होती, म्हणून असेल, नर्स अगदी हळू बोलली. निघताना तिने जामिराचं मनगट क्षणभर हातात धरलं, इतकंच.

ते बोलणं जामिराला आठवलं तीन आठवड्यांनी, बुरुलने ताटातलं मटण बाजूला सारलं तेव्हा.

बुरुल तिची धाकटी नणंद. सतरा वर्षांची, नाचाच्या वर्गाला जाणारी, सदा ढगळ स्वेटरमध्ये. जामिराचा नवरा महिन्यातले पंधरा दिवस वर सोन्याच्या खाणीवर असायचा. डोंगरातल्या नारीन गावच्या त्या घरात मग तिघी बायका आणि अकरा महिन्यांचा एमिर. जेवताना सुनेची जागा दाराकडच्या टोकाला, चहाचं पाणी उकळणाऱ्या समोवारपाशी. जामिरा अर्ध्या अर्ध्या वाट्या चहा ओतून पुढे करायची. तिथून सगळ्यांची ताटं दिसत.

ती बघू लागली.

बुरुल शेवया खायची, पण मटणाचा चांगला तुकडा हमखास जामिराकडे सरकवायची. "माझं झालं, वहिनी, तू घे." जामिरा तो परत तिच्याच ताटात टाकायची. मग एक दिवस जामिराला स्वतःच्या कोटाच्या खिशात रुमालात बांधलेले चार बोरसोक सापडले, आदल्या दिवशीच तळलेले कणकेचे गोळे. नंतर एकदा पाळण्याच्या गादीखाली. पोरगी खाणं लपवत होती, तेही दुसऱ्याच्या जागेत, म्हणजे आपलं नाव यायला नको.

कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये जामिराच्या शेजारच्या पलंगावरची मुलगी असंच करायची. ती तिसऱ्या वर्षाला पोचलीच नाही. तेव्हा जामिरा गप्प राहिली होती. या वेळी राहणार नव्हती.

काळजीने तिचं दूध आटलं. त्या वर्षी थंडीही लवकर आली. खिडकीची फट कापडाने बुजवली तरी घर तापेना, ती आपली चुलीला पाठ लावून बसायची. भांडी घासताना साबणामुळे अंगठी दोनदा बोटातून निसटली.

शेवटी तिने सासूजवळ विषय काढला. सासूने ऐकून घेतलं, हातातली कणीक मळून संपवली.

"माझ्या लेकीला काही झालेलं नाही. तू तुझ्याकडे बघ, माझ्या शिंगरा."

जामिराला ते लागलं. आपल्या पोटच्या पोरीचं दुखणं कुठल्या आईला दिसतं, असं तिच्या मनात आलं.

एमिर पाऊल टाकू लागला. पायांना काळ्यापांढऱ्या लोकरीची दोरी बांधून ती कापायची, मग मूल आयुष्यभर न अडखळता चालतं, म्हणून सासूने सगळी आळी जेवायला बोलावली. सून आणि लेक, दोघींना मखमली अंगरखे शिवायचे ठरले. शिवणारी अर्थातच आळीतली शिंपीण जूरा.

जूरा जिवंत माणसाला फीत लावत नसे. "फितीने मढी मोजतात," म्हणायची. ती गिऱ्हाइकापुढे दोऱ्याचं रीळ ठेवायची. आपली कंबर केवढी असेल तेवढं कडं टेबलावर मांडायचं. त्यावरून ती कापड बेतायची, आणि बोटभर इकडे तिकडे झालं तर नंतर टाके घालायची.

जामिरा याच दिवसाची वाट बघत होती. कॉलेजात मानसशास्त्राच्या पुस्तकात तिने वाचलं होतं की उपाशी राहणाऱ्या मुलीला आपलं अंग आहे त्याहून मोठं दिसतं. दोरा दिला तर ती बरंच मोठं कडं मांडते. वाटेत तिने सासूला हे समजावून सांगितलं. "आज तुम्हीच बघा, आपा," ती म्हणाली. सासू म्हणाली, बघते.

टेबलापाशी बुरुलने अंग चोरलं. "आधी वहिनी. ती शिकलेली, मी तिचं बघून मांडते."

जामिराने घाईने आपलं कडं टाकलं. तिचं लक्ष बुरुलच्या बोटांकडे होतं. बुरुलने दोरा हळूच वळवला, टोकं जुळवली. त्या काटकुळ्या पोरीच्या मानाने कडं मोठंच होतं.

जूराने दोन्ही दोरे कापले, एकेक गाठ मारली आणि सासूकडे पाहिलं. "असेच शिवू?"

"असेच शिव," सासू म्हणाली. "घालून बघू दे."

समारंभाच्या सकाळी अंगरखे आले. बुरुलने स्वेटर काढला, अंगरखा घातला, एक गिरकी घेतली. अंगावर बेतावा तसा बसला होता. खांदे भरलेले, दंड गोल, गालांवर लाली. जामिरा बघतच राहिली. म्हणजे कडं बरोबर होतं.

मग तिने आपला घातला आणि आरशापुढे उभी राहिली. कमरेवर तो आवळल्यासारखा दिसत होता.

"जूराने माझा घट्ट केलाय," ती म्हणाली. "दोन बोटं सोडायला हवा."

बुरुल बंद बांधायला तिच्या मागे आली. तिने पाठीवरचं मोकळं कापड गोळा केलं. दोन्ही मुठी भरल्या, तरी मखमल उरली. सासूने तोंडाला ओढणीचं टोक लावलं आणि भिंतीकडे वळली.

बुरुलने एक मूठ सोडली, खिशातून बांधलेला रुमाल काढला आणि वहिनीच्या हातात दिला.

"आज तरी एक खा."

तुमच्याही घरात सगळ्यांच्या ताटांवर नजर ठेवणारी कुणी असेल. आज तिचं ताट बघून या.