उष्टा चमचा

इटलीतल्या त्या स्वयंपाकघरात शिकवणाऱ्या बाईंनी रश्शाचा चमचा पुढे केला, तशा हेमलताबाई मागे सरकल्या. वाढण्याआधी चाखलं की अन्न उष्टं होतं, असं सासूबाईंनी लग्नानंतर लगेच बजावलं होतं. तेव्हापासून मिठाचा अंदाज त्या वासावरूनच घेत आल्या होत्या.

आठवडाभर स्वयंपाक शिकायचा आणि वाइन चाखायची, अशी ही सहल लेकीनं त्यांना साठीची भेट दिली होती. "परदेशात जाऊनही स्वयंपाकच?" म्हणत सोबत आलेले त्यांचे यजमान बाहेर द्राक्षांच्या मांडवाखाली वाइन चाखण्यात रंगले होते.

"आवडलं का, विचारताहेत," शेजारी उभी असलेली लेक म्हणाली.

"बाबांना विचार."

"आई, त्या तुला विचारताहेत."

हेमलताबाईंनी चमचा तोंडात घातला. मग त्यांनी लिंबू मागून घेतलं, पिळलं, चाखलं आणि आणखी पिळलं.

घरी परतल्यावर पहिल्याच जेवणात यजमानांचा हात थबकला. "आमटी आंबट झालीये आज."

"मला अशीच आवडते," स्वतःची वाटी पुन्हा भरून घेत त्या म्हणाल्या. "मलाही आत्ताच कळलं."