पाचच्या आत

ग्वाल्हेरातल्या दोन सरकारी दफ्तरांचं विलीनीकरण झालं आणि हुकूम निघाला: नोकरी टिकवायची असेल त्यानं आज पाचच्या आत नव्या वेबसाइटवर स्वतः अर्ज भरावा.

अनसूयाबाईंना दिसत नाही. संगणकावरचा मजकूर ब्रेल-पट्टीवर ठिपके होऊन उमटतो, तो त्या बोटांनी वाचतात. सरकारी वेबसाइटी अंधांना अशा वाचता येतात का, हे तपासणं हीच त्यांची नोकरी. ही नवी वेबसाइट मात्र घाईत त्यांच्याकडे आलीच नाही. सकाळपासून बोटांखाली एकच चाललं होतं: 'बटन, बटन, चित्र, बटन.'

"दिनकरराव, पावणेपाच झाले हो! यातलं कुठलं दाबू?"

दिनकररावसाहेबांनी वाकून पडद्याकडे पाहिलं. "ताई, उगाच घाबरता. मला तर सगळं एकदम बढिया दिसतंय! आणि तुमचा अर्ज मी भरला, तर माझीही नोकरी जाईल ना!"

पाच वाजून एका मिनिटानं पट्टीवर पहिल्यांदाच अख्खं वाक्य उमटलं: 'आपकी सेवा समाप्त की जाती है.'



अनसूयाबाईंनी त्यावरून दोनदा बोट फिरवलं आणि सवयीनं तपासणीच्या अहवालात लिहिलं: "हे पान वाचायला उत्तम. पास."