थोर बायकांचा तास

"तान्हं पोर घेऊन वर्गात बसायचं नाही, शाळेचा नियम आहे," असं सुनावून बाईंनी वर्गातल्या एका पोरीला कडेवरच्या भावासकट दाराबाहेर उभं केलं. भाऊ गाढ झोपला होता, पण नियम म्हणजे नियम. मग बाईंनी मोठ्या हौसेनं थोर बायकांचं चित्रपुस्तक उघडलं. आज एकेका पोरीच्या मनात जिद्द पेटवायचीच, असं त्या घरून ठरवून आल्या होत्या.

पहिलंच चित्र ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईचं होतं. "हिला वर्गात बसू देत नसत, बरं का! बिचारी दाराबाहेर उभी राहून ऐकायची, आणि तेवढ्यावर एवढी मोठी झाली!" एवढं सांगून बाई टाळ्यांसाठी थांबल्या.

अशा ठिकाणी पोरं हमखास टाळ्या वाजवतात. आज कुणी हात हलवला नाही. सगळी एकदा पुस्तकाकडे बघत होती, एकदा दाराकडे. बाई गोंधळल्या. आपल्या सांगण्यात काही चुकलं की काय?

"बाई, तिला बाहेर कुणी काढलं?" पुढच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं.

"तिच्या गुरुजींनी."

"ते दुष्ट होते?"

"छे गं! नियमच होता तसा." हे वाक्य बाईंना ओळखीचं वाटलं, पण कुठं ऐकलंय ते काही केल्या आठवेना.

तेवढ्यात दाराबाहेरच्या पोरीनं भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं, टाचा उंच केल्या आणि म्हणाली, "बाई, पुस्तक जरा वर धरा ना. इथून चित्र दिसत नाही."