पोकुआने पोचवलेलं म्हणणं

“नाना, दर गुरुवारी तुझं पोट सुट्टी घेतं का रे?”

बेडियाको हे थेट नानांच्या डोळ्यांत बघून बोलला. तेही नानांच्या अंगणात, सुनावणीला जमलेल्या अख्ख्या गावासमोर. गावच्या प्रमुखाशी असं कुणी बोलतं? बोलायचं ते पोकुआशी! सोनेरी मुठीची काठी घेऊन ती नानांच्या शेजारी बसते ती कशासाठी? तुमचं म्हणणं तिने नानांना सांगायचं, नानांचं तुम्हाला. हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

तसं प्रकरण साधंच होतं. गुरुवार हा भूमातेच्या विश्रांतीचा दिवस, आणि नेमकी त्याच दिवशी याने कंद लावायला कुदळ मारली. एक मेंढी द्यायची, माफी मागायची, सुटायचं. पण नाही!

नाना उठून उभे राहिले. झालं, संपलं! नाना रागाने आत गेले की पुन्हा सुनावणी नाही. गाव सोडायचं, बायकापोरांसकट. बेडियाकोच्या बायकोने पोरांना जवळ ओढलं.

“जिभेला हाड नाही मेल्याच्या,” एक म्हातारी पुटपुटली. “आता जा म्हणावं, रानातल्या माकडांना सुनव.”

पोकुआ उठली. घाई नाही, गडबड नाही. खांद्यावरचं वस्त्र सारखं केलं, काठी टेकवली आणि नानांकडे वळली.

“नाना, बेडियाको म्हणतोय, पाठीवर बांधलेलं लेकरू भुकेजलं की आईच्याच पाठीवर लाथा झाडतं. परक्या बाईच्या पाठीवर असतं, तर भेदरून गप्प राहिलं असतं. तो म्हणतोय, मी लाथ मारली ती आपल्याच आईची पाठ समजून.”

बेडियाको काय बोलला ते प्रत्येकाने आपल्या कानांनी ऐकलं होतं. आणि तरी, यात खोटं काय होतं? शोधून दाखवा! गावातला सगळ्यात खडूस म्हातारा ओसेई, त्यानेसुद्धा मान डोलावली.

“असंच म्हणाला तो.”

“असंच म्हणाला,” मागून कुणीतरी. मग बायका. मग सगळेच.

नाना थांबले. त्यांचे ओठ थरथरत होते. रागाने, की हसू दाबताना, कळेना.

“पोकुआ, विचार त्याला. खरंच हेच म्हणाला का?”

बेडियाकोचे डोळे भरून आलेले. या वेळी मात्र तो रीतसर पोकुआकडे बघून बोलला.

“पोकुआ आई, नानांना सांगा, हेच म्हणालो. फक्त तुम्ही बोलेपर्यंत माझं मलाच कळलं नव्हतं.”

पोकुआ सांगायला वळली, तोवर नाना खाली बसलेही होते.