स्वच्छ मोबाईल स्पर्धा

"ऐकवा ना मग, काका. मी असं बोललेलो तर ऐकवा सगळ्यांना."

बिल्डरचा माणूस सुदेश हे अगदी गोड आवाजात म्हणाला आणि त्याने चहाचा घोट घेतला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर चोवीस बिऱ्हाडं बसली होती. सगळ्यांच्या माना सेक्रेटरी विठ्ठलरावांकडे वळल्या. विठ्ठलराव फोनवर नुसतंच बोट फिरवत राहिले. फोन चौसष्ट जीबीचा होता आणि त्यातले एकेचाळीस जीबी रिकामे होते.

भानगड साधी होती. जुनी इमारत पाडून नवी बांधायची होती. प्रत्येक घराला साठ चौरस फूट जास्त मिळतील, म्हणजे एक लहानशी खोली जास्त, असं सुदेशने दोन महिन्यांपूर्वी सोसायटीच्या ग्रुपवर आवाजात बोलून पाठवलं होतं. कागदावर नंतर घेऊ, म्हणाला होता. त्या आवाजाच्या भरवशावर सगळ्यांनी संमतीच्या सह्या ठोकल्या. आज कराराचा मसुदा आला, तर ते साठ फूट त्यात कुठेच नव्हते.

विठ्ठलरावांच्या घरी मुलगा, सून आणि नात आतल्या खोलीत झोपत. विठ्ठलराव आणि कलावतीबाई सात वर्षं हॉलमध्ये गादी घालत होते आणि दूधवाला यायच्या आत ती गुंडाळत होते. त्या साठ फुटांत कलावतीबाईंनी मनातल्या मनात खिडकीशी पलंगसुद्धा टाकून ठेवला होता.

आता, फोनमध्ये जागा किती असावी या विषयावर विठ्ठलरावांएवढा विचार अख्ख्या डोंबिवलीत कोणी केला नसेल. "माणसाला चौसष्ट जीबी भरपूर झाले, त्यापुढे निव्वळ हाव," असं ते जिन्यात माणसं गाठून सांगायचे. तळमजल्यावरच्या योगिनीने दोनशे छप्पनचा फोन घेतला, तेव्हा तिच्याकडे त्यांनी असं बघितलं जणू तिने सार्वजनिक नळाला पंप लावला होता. घर मात्र मोठं हवं, यात त्यांना हाव दिसली नाही. ते ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत तीस वर्षं जुनी दफ्तरं सांभाळत होते. तिथे एक कागद फाडायचा तर तीन सह्या लागत. निवृत्त झाल्यावर एका बोटाने हजार गोष्टी पुसता येतात हे कळलं आणि गडी खुलला. ते रोज सकाळी देवपूजा करायचे, मग फोन पुसायचे.

सुदेशने त्यांचे हे विचार ऐकले, तेव्हा तो भारावून गेला होता. "काका, तुम्ही स्पर्धाच घ्या. बक्षिसं आमच्याकडून," म्हणाला. मग काय विचारता! सोसायटीच्या वर्धापनदिनाला 'स्वच्छ मोबाईल स्पर्धा' झाली. महिनाभर आधीपासून विठ्ठलराव घरोघर फिरले. लोकांच्या हातातून फोन घेऊन त्यांनी स्वतःच्या बोटाने ग्रुप साफ केले. कोणी बॅकअपचं नाव काढलं की ते म्हणायचे, "बॅकअप म्हणजे माळ्यावर लपवलेला कचरा. तोही काढा." परीक्षक तेच होते आणि पहिला नंबरही त्यांचाच आला. पाच लिटरचा कुकर मिळाला.

आणि आता पार्किंगमध्ये चोवीस बिऱ्हाडं आपापल्या लखलखीत फोनमध्ये एक आवाज शोधत होती.

"माझ्यात होता," योगिनी म्हणाली. "काका, तुम्हीच उडवलात. वर मला उत्तेजनार्थ चमच्यांचा सेट दिलात."

तेवढ्यात विठ्ठलरावांना आठवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. कलावतीबाई! ही बाई कधीच काही पुसत नसे. नातीचे बोबडे व्हिडिओ, चकलीच्या भाजणीची प्रमाणं, चार वर्षांची सुप्रभात, सगळं तिच्या बत्तीस जीबीत कोंबलेलं असायचं. यावरून ते तिला चारचौघांत किती वेळा हसले होते.

"अगं, तुझा फोन दे इकडे! तुझ्यात असणार!"

सगळी सभा कलावतीबाईंकडे वळली. सुदेशचा चहाचा कप हवेतच थांबला. कलावतीबाई जागच्या हलल्या नाहीत.

"होतं त्यात. मी चारदा ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. "पण परीक्षकाच्याच घरचा फोन तुंबलेला दिसला तर लोक काय म्हणतील म्हणून, मी आंघोळीला गेले तेवढ्यात तुम्ही तो धुऊन काढलात."

"मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही म्हणालात, कचऱ्यासाठी कोणी रडतं का?"

विठ्ठलरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कुणाकडेच बघितलं नाही. एकेक खुर्ची रिकामी झाली. जाताना योगिनीने चमच्यांचा सेट आणून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवला. कलावतीबाई जिना चढून वर गेल्या. गादी घालायची वेळ व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता.

सुदेशने उरलेला चहा संपवला, मसुद्याची फाईल बगलेत मारली आणि तो विठ्ठलरावांपाशी आला. मोठ्या आदराने वाकून म्हणाला,

"काका, पुढच्या रविवारी जरा मोकळे राहा ना. मानपाड्याला एका सोसायटीशी बोलणी चाललीयत आपली. सह्या झाल्या की तिथे पण ही स्पर्धा ठेवायचीय. परीक्षक म्हणून तुम्हीच या."