मोटारीतली खुळखुळ

ओझर मागे पडलं आणि खुळखुळ पुन्हा सुरू झाली. पुढे बसलेल्या रंगनाथरावांनी हात वर केला. महेबूब ड्रायव्हरने मोटार कडेला घेतली. मागच्या सीटवर मालनने डोळे मिटून घेतले.

चांदवडहून निरोप आला होता: आईचं काही खरं नाही, सारखी तुझं नाव घेते आहे, असशील तशी निघ. मोतीबिंदूने आईची नजर केव्हाच गेली होती. माणूस ती हात चाचपून ओळखायची. रंगनाथराव बायकोला माहेरी धाडणाऱ्यांतले नव्हते. दिवाळी नाही की पंचमी नाही. पण मोटार लांबवर पळवून बघायचीच होती, म्हणून म्हणाले, चल.

मोटार देवळालीच्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली, जुनी. पुढच्या आठवड्यात कलेक्टरसाहेब तिच्यातून फिरतीवर निघायचे होते, आणि आपल्याला रावसाहेबाचा सरकारी किताब मिळालाच असं धरून रंगनाथराव गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. साहेबाच्या कानाशी ही खुळखुळ वाजली तर सगळंच मुसळ केरात.

शोधायची त्यांची रीत साधी होती. एकेक वस्तू बाजूला करत जायचं. आवाज थांबला की चोर सापडला. हत्यारांची पेटी गोणपाटात गुंडाळून झाली. जादा चाक आवळून झालं. टपाच्या लोखंडी कांबींना चिंध्या बांधून झाल्या. रामकुंडावरून आईच्या तोंडात घालायला म्हणून भरून घेतलेला गंगेच्या पाण्याचा गडूसुद्धा ओझरला एका वाण्याकडे ठेवून द्यावा लागला. दर वेळी मोटार थोडी पळायची, रंगनाथराव मान वाकडी करून ऐकायचे आणि हात वर करायचे. चांदवड काही जवळ येत नव्हतं.

"आता राहिलं काय मागे?" म्हणत ते वळले. त्यांची नजर मालनच्या हातांवर थांबली.

"बांगड्या काढ."

मालनला आधी वाटलं, आपण भलतंच ऐकलं. लोखंडाची खुळखुळ आणि काचेची किणकिण शेंबड्या पोरालाही वेगळी कळते.

"अहो, आईला भेटायला निघालेय मी. भुंड्या हातांनी कशी जाऊ?"

"चांदवडला कासार नाहीत का? नव्या भरून घे."

"एकेक तरी राहू द्या हातात."

"मग शंका राहते." ते अगदी शांतपणे म्हणाले. पोराला गणित समजावून सांगावं तसे.

महेबूब खाली मान घालून उभा होता. "साहेब, बांगड्या राहू द्या," तो म्हणाला. "आमच्यातबी असं करत नाहीत."

"ग्रीसचा डबा आण."

कासाराने हात दाबून दाबून चढवलेला हिरवा चुडा. असा तसा उतरतो होय? महेबूबने डबा आणून ठेवला आणि तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाठ करून उभा राहिला. मालनने मनगटांना काळं ग्रीस फासलं. काही बांगड्या निसटून आल्या, काही तिच्या हातातच वाढल्या. फुटल्या म्हणायला तिची जीभ त्याही वेळी रेटली नाही. सोन्याच्या पाटल्या रंगनाथरावांनी रुमालात घट्ट बांधून कोटाच्या खिशात टाकल्या. काचा त्यांनी गवतात फेकल्या आणि हात झटकले.

मोटार निघाली. पिंपळगावपर्यंत आवाज नव्हता. रंगनाथरावांचा चेहरा खुलला. ते चक्क गुणगुणू लागले. पिंपळगाव ओलांडलं आणि खुळखुळ जशीच्या तशी सुरू झाली.

"म्हणजे बांगड्या नव्हत्या," ते म्हणाले. एवढंच. मालनला त्या क्षणी त्यांची किळस आली. नवऱ्याची किळस यावी याची तिला भीतीही वाटली नाही.

चांदवडला माहेरची गल्ली अरुंद, म्हणून मोटार चौकातच थांबली. रंगनाथरावांनी लगेच बॉनेट उघडायला सांगितलं. "तू हो पुढे. मी एवढं बघून येतो."

मालन जवळजवळ धावतच घरात शिरली. भावजय खाटेशी बसली होती. नणंदेचे हात बघून तिने पदर तोंडाला लावला आणि काही न विचारता आत निघून गेली. मालनला ते कळलंच नाही. तिला फक्त खाटेवरची आई दिसत होती, मूठभर झालेली.

"आई, मी आलेय."

"माले? आली का गं?" आईचे हात अंधारात चाचपडावं तसे पुढे आले. त्यांना मालनची बोटं सापडली, मग तळवा, मग मनगट. मनगटावर ते थांबले. दुसरा हात शोधून आला. तोही मोकळा. आईची बोटं वरपर्यंत जाऊन पुन्हा खाली आली.

"कधी गं?" आईने विचारलं. "मला कुनी सांगितलंबी नाय."

मालनच्या ओठांवर आलं होतं, तसं काही नाही, ते बाहेर चौकात उभे आहेत. एवढं म्हणायचं होतं फक्त. पण तिला रडू फुटलं, आणि इतक्या वर्षांचं साठलेलं रडू लवकर आवरतं थोडंच. आईने तिचं डोकं आपल्या छातीवर ओढून घेतलं. सुकलेल्या हाताने ती लेकीची पाठ थोपटत राहिली.

"उगी माले, उगी. आता ऱ्हा माझ्यापाशी. आता कोन हाय तुला आडवनारं?"

मालनने डोळे पुसले.

"कुणी नाही, आई," ती म्हणाली.