बर्थाला पडलेलं मत

एल्डन क्रूगर अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या, दर दोन वर्षांनी निवडल्या जाणाऱ्या विधानसभेवर नवव्यांदा निवडून आला. पण आला नाही असंच धरून चाला. तोही तसंच धरून चालला होता. कारण विरोधात उमेदवार नसतानाही एक मत फुटलं होतं. तिकडे मतपत्रिकेवर हवं ते नाव लिहिता येतं, आणि कुणीतरी लिहिलं होतं, ‘बर्था’.

बर्था म्हणजे त्याची गाय. तिचं नाव नवरा-बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

“ओपल, तूच ना?” त्याने बायकोला दरडावलं.

“मत गुप्त असतं,” ओपल भांडी विसळत म्हणाली. “पण बर्था रोज संध्याकाळी घरी येते. तू सोळा वर्षं राजधानीत बसलायस.”

हजारो मतं गेली खड्ड्यात. एल्डनला हे एकच हवं होतं. पण बाईने कबूल कुठे केलं? त्याने निवडणूक कार्यालयाला अर्ज केला: “मतदानाची गुप्तता आमच्या स्वयंपाकघरापुरती शिथिल करण्यात यावी, ही नम्र विनंती.”